वेब डिझाइन शिकायला घेतलंय? कोणतं सॉफ्टवेअर आधी, कोणतं नंतर

रेघोटी (धागाकर्ती)

"वेब डिझाइन शिकायचंय, काय काय डाउनलोड करू?" हा प्रश्न इथे पुन्हा पुन्हा येतो. मग जो तो आपापल्या आवडीची नावं सांगतो. नवा माणूस ती सगळी उतरवून घेतो आणि पहिलं पान तयार व्हायच्या आधीच थकतो. म्हणून या विषयाला स्वतंत्र धागा काढते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याच्यावाचून काम अडलंय, तेवढंच साधन घ्यावं. आणि सगळ्यात ताकदीचं साधन तुमच्याकडे आधीपासूनच आहे, ते म्हणजे ब्राउझरमधला इन्स्पेक्टर.

कुठल्याही पानावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' म्हणा किंवा एफ१२ दाबा. एका बाजूला एचटीएमएलचा, म्हणजे पानाच्या मजकुराचा आणि रचनेचा सांगाडा दिसतो, दुसरीकडे निवडलेल्या घटकाला लागू असलेले सीएसएसचे, म्हणजे रंग, आकार, मांडणी ठरवणारे नियम. समजा तुम्ही शीर्षकाला निळा रंग दिलाय, तरी ते काळंच दिसतंय. एडिटरमध्ये डोळे फोडून उपयोग नाही. इन्स्पेक्टरमध्ये त्या शीर्षकावर क्लिक केलंत की तुमची निळ्या रंगाची ओळ खोडलेली दिसेल आणि तिच्या वर तिला मात देणारा दुसरा नियम, तोही कुठल्या फाइलमधल्या कितव्या ओळीवर आहे यासकट. सीएसएसमध्ये कोणता नियम कोणावर भारी पडतो, हे पुस्तकात वाचून जेवढं कळतं त्याच्या कितीतरी पट या खोडलेल्या ओळींवरून कळतं.

फायरफॉक्स इथे आणखी एक पाऊल पुढे जातो. एखाद्या स्पॅनला (ओळीतल्या मजकुराच्या तुकड्याला) तुम्ही रुंदी दिलीत आणि काहीच फरक पडला नाही, तर ती ओळ तो फिकट करतो आणि शेजारी माहितीची छोटी खूण दाखवतो. त्या खुणेवर माउस नेला की कारण लिहिलेलं असतं: हा घटक इनलाइन आहे, त्याला रुंदी लागू होत नाही, डिस्प्ले बदलून बघा. शेजारी शिक्षक बसल्यासारखंच आहे हे. ग्रिड आणि फ्लेक्सबॉक्स या सीएसएसमधल्या मांडणीच्या पद्धतींच्या रेषा पानावर आखून दाखवण्याची सोयही त्यात छान आहे. रोज क्रोम वापरत असलात तरी शिकण्यासाठी फायरफॉक्स जवळ ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन.

एडिटर म्हणून, म्हणजे कोड लिहायला, व्हिज्युअल स्टुडिओ कोड घ्या. तो मोफत आहे, २०१५ मध्ये आला आणि आज बहुतेक धडे त्यातच दाखवलेले असतात. जुन्या व्हिडिओंमध्ये ॲटम आणि ब्रॅकेट्सची नावं ऐकाल, त्यांच्या मागे लागू नका. ब्रॅकेट्सला ॲडोबीने २०२१ मध्ये पाठिंबा देणं थांबवलं आणि ॲटम डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला. एक्स्टेन्शन्सचं (एडिटरला जोडायच्या जादा सोयींचं) दुकान उघडून बसू नका, सुरुवातीला दोनच पुरतात. लाइव्ह सर्व्हरमुळे फाइल सेव्ह केली की ब्राउझरमधलं पान आपोआप ताजं होतं. प्रिटियर कोडची मांडणी नीटनेटकी करतो, त्यामुळे न मिटलेला कंस किंवा टॅग लगेच लक्षात येतो. एमेट, म्हणजे छोट्या खुणेवरून पूर्ण कोड लिहून देणारी सोय, तर आतच आहे. रिकाम्या एचटीएमएल फाइलमध्ये उद्गारचिन्ह टाइप करून टॅब दाबा, पानाचा अख्खा सांगाडा उभा राहतो.

बाकीचं प्रतिसादांमध्ये बोलू. जाणकारांनी भर घालावी, आणि माझं पटत नसेल तर तेही लिहावं.

निळीशाई

वाचनखूण साठवली आहे. फायरफॉक्समधली ती माहितीची खूण आज पहिल्यांदा उघडून पाहिली. मार्जिन का लागत नव्हता ते एका वाक्यात कळलं.

एक शंका. आधी फिग्मा (पान चित्रासारखं आखून बघायचं साधन) शिकायचं की आधी कोड? जिथे तिथे फिग्माचंच नाव ऐकते.

चौकट

निळीशाई, मी फिग्माच्या बाजूने बोलतो. रेघोटी यांचा धागा उत्तम आहे, पण त्यात डिझाइन कमी आणि बांधकाम जास्त आलंय. कोड लिहिता लिहिता डिझाइन करायला गेलं की माणूस त्याला जे लिहिता येतं तेच डिझाइन करतो. कोऱ्या कॅनव्हासवर चार वेगवेगळ्या मांडण्या करून बघणं, त्या शेजारी शेजारी ठेवून तोलणं, हे काम कोडमध्ये फार जड जातं. फिग्मा ब्राउझरमध्येच चालतं, एकट्याने शिकायला मोफत योजना पुरते, आणि दुसऱ्यांच्या खुल्या फाइली उघडून त्यांनी थर कसे रचलेत ते पाहता येतं.

त्यातलं 'ऑटो लेआउट' मात्र पहिल्यापासून वापरा. चौकोन हाताने सरकवून मांडू नका. ऑटो लेआउटमध्ये दिशा, घटकांमधलं अंतर, कडेची जागा आणि संरेखन ठरवावं लागतं, आणि सीएसएसच्या फ्लेक्सबॉक्समध्येही नेमक्या याच गोष्टी असतात. एकीकडे हात बसला की दुसरीकडे अर्धं काम होतं.

पेनपॉट हे फिग्मासारखंच साधनही सांगून ठेवतो. ते मुक्त स्रोत आहे आणि वेबच्याच मानकांवर उभारलेलं आहे. ॲडोबीने २०२२ मध्ये फिग्मा विकत घेण्याचा करार जाहीर केला तेव्हा बरेच डिझायनर पेनपॉटकडे वळले. डिसेंबर २०२३ मध्ये तो करार रद्द झाला, पण तोवर पेनपॉटने चांगलाच जम बसवला होता. ॲडोबीचंच एक्सडी हे डिझाइनचं साधन शिकण्यात मात्र आता वेळ घालवू नका, त्यात नवीन काही भर पडत नाहीये.

रेघोटी

चौकट, मांडण्या तोलून बघण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. कागद-पेन्सिलनेही ते होतं, पण फिग्मात जास्त नेटकं होतं.

माझी काळजी निराळी आहे. नवा माणूस फिग्मात ३७५ पिक्सेलची एक फ्रेम आणि १४४० ची एक फ्रेम काढतो आणि डिझाइन झालं असं समजतो. या दोन्हींच्या मधल्या सगळ्या रुंदींचं काय? ईथन मारकॉट यांनी २०१० मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' ही कल्पना मांडली, तिच्या मुळाशी हेच होतं की पान ठरावीक मापाचं नसतं, ते जागेप्रमाणे वाहतं. ७०० पिक्सेलवर मेन्यूतला शेवटचा शब्द खालच्या ओळीत पडतो, हे चित्रात दिसणार नाही. ब्राउझरची खिडकी हळूहळू अरुंद करत गेलात की दिसेल. म्हणून म्हणते, फिग्मा जरूर शिका, पण एक पान हाताने लिहून ब्राउझरमध्ये ताणून-दाबून बघितल्यानंतर.

चौकट

हे पटलं. माझा क्रम उलटा राहील, पण फिग्मात केलेलं पहिलंच पान स्वतः कोडमध्ये उतरवायचं, ही अट मीही घालेन.

अंगणवेल

माझी अडचण इथे विचारली तर चालेल का? पान लॅपटॉपवर छान दिसतंय. खिडकी लहान केली की मीडिया क्वेरीही (रुंदीप्रमाणे सीएसएसचे नियम बदलणारी सोय) बरोबर चालते. फोनवर उघडलं की मात्र अख्खं पान मुंगीएवढं दिसतं, बोटांनी मोठं करावं लागतं.

तिसराडोळा

अंगणवेल, एचटीएमएलच्या हेडमध्ये (पानावर न दिसणाऱ्या वरच्या भागात) व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान किती रुंदीवर मांडायचं ते सांगणारी ओळ, नसेल. तो नसला की फोनचा ब्राउझर धरून चालतो की पान जुन्या पद्धतीचं, मोठ्या पडद्यासाठी केलेलं आहे. मग ते साधारण ९८० पिक्सेल रुंदीवर मांडतो आणि आक्रसून फोनवर बसवतो. तुमची मीडिया क्वेरी चुकलेली नाही, तिला ९८० ही रुंदी दिसते म्हणून ती चालत नाही. लॅपटॉपच्या ब्राउझरला हा टॅग लागत नाही, म्हणून तिथे सगळं ठीक दिसलं. रेघोटी यांनी सांगितलेलं एमेटचं उद्गारचिन्ह वापरलं तर ही ओळ आपोआप येते.

यापुढे तपासायला इन्स्पेक्टरमधला फोनचा देखावा वापरा. फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-एम. क्रोममध्ये आधी एफ१२ आणि मग तीच कळ. तरीही शेवटी खऱ्या फोनवर बघाच. बोटाला बटण सापडतंय का, कीबोर्ड वर आल्यावर रकाना झाकला जातोय का, हे नकली देखाव्यात कळत नाही.

अंगणवेल

तीच ओळ नव्हती! टाकली आणि जागच्या जागी सगळं बसलं. मनापासून आभार.

दगडीपाटी

कोणी चित्रांबद्दल बोललं नाही अजून, आणि पान जड होण्याचं मुख्य कारण बहुतेक वेळा तेच असतं. फोनने काढलेला ४००० पिक्सेल रुंद फोटो ८०० पिक्सेलच्या जागेत बसवला की दिसतो छान, पण बघणाऱ्याला उतरवून घ्यावी लागते ती पूर्ण फाइल. यावर स्क्वूश हे गूगलच्या क्रोम गटाने केलेलं मोफत साधन वापरा. ब्राउझरमध्येच चालतं, फोटो तुमच्या संगणकाबाहेर जात नाही. फोटो टाकला की मधोमध एक उभी रेघ येते. डावीकडे मूळ चित्र, उजवीकडे दाबलेलं. रेघ सरकवत केस, पानं, कापडाची वीण असले बारीक तपशील बघा आणि गुणवत्तेचा आकडा खाली आणत जा. फरक डोळ्याला जाणवायला लागला की थोडं वर येऊन थांबा. आधी मोजमाप कमी करा, मग वेबपी किंवा एव्हीआयएफ या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात साठवा.

फोटो कापायचा, खोडायचा असेल तर गिंप आहे किंवा ब्राउझरमधलं फोटोपी, ज्यात फोटोशॉपच्या फाइलीही उघडतात. लोगो आणि आयकॉनसाठी इंकस्केप. लोगो-आयकॉन नेहमी एसव्हीजी या रेषांनी बनलेल्या चित्रांच्या प्रकारात ठेवा, कितीही मोठे केले तरी कडा फाटत नाहीत.

आणि एचटीएमएलमध्ये चित्राची रुंदी-उंची लिहायला विसरू नका. ती लिहिली नसेल तर चित्र येईपर्यंत ब्राउझरला किती जागा राखायची ते कळत नाही आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारतो. क्रोममधलं लाइटहाउस चालवलंत तर ही उडी 'सीएलएस' नावाने मोजलेली दिसेल. ती ०.१ च्या आत हवी. मुख्य घटक दिसायला लागणारा वेळ, म्हणजे एलसीपी, २.५ सेकंदांच्या आत. लाइटहाउसच्या शंभरपैकी गुणांच्या मागे मात्र लागू नये. खाली कारणांची यादी येते, तीच कामाची असते.

अनुस्वार

देवनागरीत साइट करणाऱ्यांसाठी थोडं लिहिते, कारण इंग्रजीतल्या धड्यांमध्ये हे कधीच येत नाही.

त्या धड्यांमधली ओळींची उंची जशीच्या तशी घेऊ नका. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, मात्रा आणि खाली उकार, जोडाक्षरं असतात. १.२ वर शीर्षक दोन ओळींचं झालं की वरचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो. मजकुराला १.६ ते १.८ च्या आसपास ठेवून बघा. लेटर-स्पेसिंग देवनागरीला देऊच नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तयार थीममध्ये शीर्षकांना ते हमखास दिलेलं असतं, इन्स्पेक्टरमध्ये शोधून काढून टाका.

फॉन्टसाठी गूगल फॉन्ट्सवर 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट आहे, त्याला बऱ्याच जाडी आहेत आणि लॅटिन अक्षरंही त्याच घडणीची आहेत. नोटो सान्स देवनागरीही भरवशाचा. लागतील तेवढ्याच जाड्या घ्या, देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे आकार खूप असतात आणि फाइल जड होते. फॉन्ट निवडताना "कृष्ण, ज्ञानेश्वर, र्‍हस्व, दुर्दैव, ट्रॅक्टर, ऑफिस, द्वंद्व, श्रद्धा" अशी एक ओळ टाकून बघते. यात जो अडखळत नाही तो चालतो.

आणि एचटीएमएल टॅगमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवा, हिंदी नको. काही फॉन्टांमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात, ती या नोंदीवरूनच निघतात. वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही कुठला आवाज लावायचा ते यावरून कळतं.

निळीशाई

शेवटचा मुद्दा फार मोलाचा. मी चाचणीची ओळ उतरवून घेतली.

तिसराडोळा

अनुस्वार यांनी वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा विषय काढलाच आहे तर पुढे नेतो. हे नंतरचं काम म्हणून बाजूला ठेवू नका, पहिल्या पानापासून करा.

आधी रंग. सध्या फिकट राखाडी मजकुराची फार चलती आहे. पांढऱ्यावर #९९९९९९ या राखाडीचा कॉन्ट्रास्ट (मजकूर आणि मागचा रंग यांच्या उजेडाचं गुणोत्तर) २.८५ येतो. साइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांच्या 'एए' पातळीप्रमाणे साध्या मजकुराला किमान ४.५ हवा, मोठ्या अक्षरांना ३. #७६७६७६ घेतलं की ४.५४ मिळतो, म्हणजे जेमतेम पास. वेबएमचा कॉन्ट्रास्ट चेकर उघडा, दोन रंग टाका, उत्तर समोर. इन्स्पेक्टरमधल्या रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं तरी आकडा दिसतो. उन्हात फोन धरून वाचणाऱ्या प्रत्येकाला याचा उपयोग आहे, फक्त दृष्टी अधू असलेल्यांनाच नाही.

मग माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅब कळीने पान फिरून बघा. प्रत्येक लिंक आणि बटणापाशी पोचता येतंय का? कुठे आहोत ते दिसतंय का? 'दिसायला बरं नाही' म्हणून फोकसची चौकट काढून टाकणारे खूप जण आहेत. कृपा करून काढू नका, आवडत नसेल तर तिला चांगलं रूप द्या.

वेव्ह आणि ॲक्स ही दोन एक्स्टेन्शन्स बऱ्याच त्रुटी दाखवतात, पण सगळ्या नाही. चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही ते यंत्र सांगेल, तो मजकूर अर्थपूर्ण आहे का ते माणसालाच ठरवावं लागतं. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणून विंडोजवर एनव्हीडीए मोफत आहे, मॅकवर व्हॉइसओव्हर आतच असतो. एकदा डोळे मिटून स्वतःचं पान ऐका. 'इथे क्लिक करा, इथे क्लिक करा' असं ऐकू आलं की लिंकचे शब्द का नीट हवेत ते कायमचं लक्षात राहतं.

कोराकागद

वर्डप्रेस, विक्स, वेबफ्लो या कोड न लिहिता साइट उभारायच्या साधनांचं कोणी नावच घेत नाहीये. ज्याला महिन्याभरात साइट उभी करून द्यायची आहे त्याने एवढं सगळं शिकत बसायचं का?

दगडीपाटी

ज्याला फक्त साइट हवी आहे त्याने खुशाल वर्डप्रेस घ्यावं. २००३ पासून आहे आणि आजही जगात सगळ्यात जास्त तेच वापरलं जातं. धागा डिझायनर होऊ पाहणाऱ्यांसाठी आहे, म्हणून उत्तर वेगळं. थीम वापरणाऱ्याला कधी ना कधी थीममध्ये नसलेली गोष्ट हवी असते, आणि तिथून पुढे सीएसएस यावंच लागतं. वेबफ्लोचं तसं थोडं वेगळं आहे, त्यातली बटणं सीएसएसच्याच भाषेत बोलतात. ज्याला सीएसएस येतं त्याचा हात त्यात झपाट्याने चालतो.

बूटस्ट्रॅप आणि टेलविंड या सीएसएसच्या तयार संचांबद्दलही तेच म्हणेन. चांगली आहेत, पण ग्रिड आणि फ्लेक्सबॉक्स हातात बसल्यावर. ते बसवायला 'फ्लेक्सबॉक्स फ्रॉगी' आणि 'ग्रिड गार्डन' हे दोन खेळ आहेत, एकेक बैठक पुरे.

कोराकागद

आणि एआयला सांगून कोड लिहून घेतला तर?

रेघोटी

कोराकागद, घ्या की. पण घेतलेली प्रत्येक ओळ काय करते ते सांगता आलं पाहिजे. एक नमुना देते. 'मेन्यूचं बटण कर' म्हटल्यावर कधी कधी डिव्हला (नुसत्या चौकटीच्या टॅगला) क्लिक जोडून मिळतो. माउसने उघडतं, सगळं छान वाटतं. पण तिसराडोळा यांची टॅबची चाचणी लावा, त्या डिव्हपाशी टॅब थांबतच नाही. बटण हा टॅग वापरला असता तर फोकस, एंटर, स्पेस सगळं ब्राउझरने फुकट दिलं असतं. हे ओळखायला एचटीएमएल माहीत हवं. मी त्याचा उपयोग समजावून घेण्यासाठी करते: "ही ओळ काढली तर काय होईल?" असं विचारायचं, मग इन्स्पेक्टरमध्ये तिच्यापुढची टिकमार्क काढून स्वतः बघायचं.

खात्री करायला एमडीएन आहे. २००५ पासून चालत आलेलं हे संदर्भस्थळ आता अनेक कंपन्या मिळून सांभाळतात. एखादी गोष्ट कुठल्या ब्राउझरमध्ये चालते हे 'कॅन आय यूज' वर. आणि पान पूर्ण झालं की वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीच्या व्हॅलिडेटरमधून (कोड तपासणाऱ्या साधनातून) एकदा काढा, न मिटलेले टॅग तिथे सापडतात.

अंगणवेल

पुन्हा मीच. साइट गिटहब पेजेसवर (साइट ठेवायच्या सेवेवर) चढवली. माझ्या संगणकावर सगळे फोटो दिसत होते, तिथे दोन गायब आहेत. फाइली तर चढल्या आहेत, मी बघितलं.

दगडीपाटी

फाइलचं नाव आणि कोडमधलं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा, लहान-मोठी लिपीसुद्धा. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलीच्या शेवटी जेपीजी मोठ्या अक्षरांत असतं आणि आपण कोडमध्ये लहान अक्षरांत लिहितो. विंडोज आणि मॅक सहसा दोन्ही एकच मानतात, सर्व्हर मानत नाही. इन्स्पेक्टरमधला 'नेटवर्क' टॅब उघडून पान ताजं करा, ज्या दोन ओळी लाल होऊन ४०४ (फाइल सापडली नाही) दाखवतील त्याच तुमच्या फाइली. पुढे सवय म्हणून सगळी नावं लहान इंग्रजी अक्षरांत ठेवा, मध्ये मोकळी जागा न सोडता आडवी रेघ.

गिटहबवर पोचलाच आहात तर गिटचं (कामाच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाचं) थोडं शिकून घ्या. सुरुवातीला आज्ञा पाठ करायची गरज नाही, व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या डाव्या पट्टीत सोय आहे. काम मनासारखं झालं की एक कमिट (त्या क्षणापर्यंतच्या कामाची नोंद), एवढाच नेम ठेवा. 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशा फोल्डरांपासून सुटका होते.

अंगणवेल

बरोबर, दोन्ही फाइलींची शेवटची अक्षरं मोठी होती. दिसायला लागले फोटो. आता शेवटचं विचारते. संपर्काचा फॉर्म भरून 'पाठवा' दाबलं तर काहीच येत नाही. त्याला काय लागतं?

तिसराडोळा

गिटहब पेजेस फक्त फाइली वाढून देतं, आलेली माहिती घेऊन पुढे पाठवणारं तिथे कोणी नसतं. फॉर्म दिसायला एचटीएमएल पुरतं, पोचायला मागे काहीतरी हवं. सोपे मार्ग दोन. फॉर्मस्प्रीसारख्या सेवेत खातं उघडून त्यांनी दिलेला पत्ता फॉर्मच्या 'ॲक्शन' मध्ये टाकायचा. किंवा साइट नेटलिफायवर न्यायची, तिथे फॉर्म टॅगला एक गुणधर्म जोडला आणि खात्यात फॉर्मची सोय सुरू केली की आलेले संदेश तिथेच दिसतात. पहिला मार्ग घेतलात तर गिटहब पेजेस सोडावं लागणार नाही. कुठलाही घेतलात तरी प्रत्येक रकान्याला लेबल जोडा आणि नाव द्या. 'नेम' हा गुणधर्म नसलेल्या रकान्यातली माहिती पाठवलीच जात नाही, आणि मग फॉर्म पोचतो पण रिकामा.